मराठी विकिपीडियावर आमच्या तालुक्याच्या लेखातला माझा परिच्छेद कोणीतरी सारखा काढून टाकतं, मी तीनदा परत टाकला. अनोळखी लोकांबरोबर एकच लेख कसा सुधारायचा?

‘कोणीतरी’ नसतं हो ते. लेखाच्या वर ‘इतिहास’ आहे, तो उघडा. कोणी, किती वाजता, कुठला शब्द उडवला, सगळं तिथे दिसतं. तालुक्याच्या लेखात तोच परिच्छेद तीनदा परत टाकला म्हणताय, ते आधी बंद करा. समोरचा चिडण्यापलीकडे त्यातून काही होत नाही.

मी कराडचा. कोयनेच्या भूकंपाच्या लेखावर आमची अशीच जुंपली होती, तीही तारखेवरून. मी ११ डिसेंबर १९६७ लिहायचो, एक सदस्य येऊन १० करायचा. आता पाटण खोऱ्यात कोणालाही विचारा, सोमवारची पहाट होती. माझी आत्या तेव्हा कोयनानगरला होती, अंगावर भिंत यायची राहिली. आणि हा गृहस्थ मला १० तारीख शिकवतोय! त्याच्याकडे परदेशी भूकंपनोंदींचा संदर्भ, माझ्याकडे आत्या. विकिपीडियावर आत्या चालत नाही. हे मला आजही पटत नाही, पण नियम आहे.

मग लेखाच्या चर्चा पानावर तिसराच एक सदस्य उगवला, बहुधा मास्तर असावा. त्याने लिहिलं: तुमच्या नोंदीतली वेळ यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली आहे, १० तारखेचे रात्रीचे २२:५१. त्यात साडेपाच तास मिळवा. झाले पहाटेचे ४:२१, तारीख ११. भांडण तिथेच मिटलं. दोन्ही वेळा लेखात गेल्या, भारतीय वेळ आधी. आणि जो माझ्याशी भांडत होता तोच दुसऱ्या दिवशी किल्लारीच्या लेखावर तीच भानगड तपासत बसला होता. तिथेही तसंच आहे, आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आणि यूटीसीत २९ची रात्र.

पुढे आम्ही तिघांनी तो लेख उभा केला. एकाने धरणाच्या भिंतीला गेलेल्या तड्यांवरचं वाचून काढलं, एकाने तीव्रतेचे वेगवेगळ्या स्रोतांतले वेगवेगळे आकडे संदर्भासकट लावले. मी भाषा बघितली. ‘धरणामुळे भूकंप झाला’ की ‘जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळाली असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात’ यावर पुन्हा वाद झाला. दुसरं वाक्य राहिलं. लांबलचक आहे, पण बरोबर आहे. त्या दोघांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत.

याच काळात चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एकाने मला ऐकवलं होतं की तुम्ही एका लेखावर इतका वेळ घालवता, तेवढ्यात माझे गावांचे ढीगभर लेख झाले. तेव्हा मी गप्प बसलो, इथे सांगतो. ‘अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे’ आणि खाली ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’ असे रिकामे मथळे, याला लेख म्हणत नाहीत, ही कोऱ्या सातबाऱ्यांची चळत झाली. वाचणारा एकदा येतो आणि परत फिरकत नाही. लेखसंख्या वाढली म्हणून मिरवणाऱ्यांनी मराठी विकिपीडियाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं खोडसाळ पोरांनीही केलेलं नाही. तुम्हाला कोणी स्पर्धेत ओढलं तर जाऊ नका. आहे तो एक लेख धरा.

हां, एक राहिलंच. प्रत्येक बदलाबरोबर ‘बदलांचा आढावा’ भरत जा, ‘संदर्भ जोडला’ एवढं लिहिलं तरी पुरे. चर्चा पानावर लिहिलंत की चार टिल्ड (~~~~) देऊन सही करा. आणि नवख्याला उगाच झोडपणारेही आहेत, नाही असं नाही. त्यांच्याशी वाद वाढवू नका, चावडीवर प्रचालकांना, म्हणजे देखरेख करणाऱ्या सदस्यांना, विचारा.

पण तुमचा परिच्छेद वर्तमानपत्रातून जसाच्या तसा उचललेला असेल, तर वरचं सगळं विसरा. तो प्रताधिकारात (कॉपीराइटमध्ये) उडणारच आणि उडायलाच हवा. जुनं काही हवंच असेल तर केतकरांचा ज्ञानकोश बघा. केतकर १९३७ साली गेले, त्यामुळे त्यावरचा प्रताधिकार संपलाय आणि तो वापरता येतो. फक्त त्यातली लोकसंख्या आजची म्हणून टाकू नका, तेही लोक करतात.