लेकीला फ्युजनमध्ये जायचंय, मग मेकॅनिकल सोडायचं का?

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फ्युजन रिअॅक्टर (सूर्यासारखे हलके अणू जोडून ऊर्जा काढणारं यंत्र) वाचवणाऱ्या पेलेटचं, म्हणजे गोठवलेल्या वायूच्या कांडीचं, तिनं कुठेतरी वाचलं आणि आता ब्रँच सोडून फिजिक्सला जाते म्हणतेय. तर आधी हेच सांगतो, ब्रँच अजिबात सोडू देऊ नका, कारण हे काम बरंचसं मेकॅनिकलवाल्यांचंच आहे.

फ्रान्समध्ये ईटर नावाचा मोठा फ्युजन रिअॅक्टर उभा राहतोय, भारत त्यात भागीदार आहे. त्यातला प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापून विद्युतभारित झालेला वायू, १५ कोटी अंशांचा, आणि तो मध्येच बिघडला की काही मिलिसेकंदांत सगळी उष्णता भिंतीवर येते. म्हणून हायड्रोजन आणि निऑन नळीतच गोठवून साधारण २८ मिलिमीटर जाडीची कांडी करायची, बंदुकीसारखी उडवायची आणि प्लाझ्मात शिरायच्या जरा आधी वाकड्या नळीवर आपटून तिचा चुरा करायचा. अख्खी गेली तर आरपार जाऊन समोरच्या भिंतीवर आदळेल, चुरा मात्र पटकन विरघळतो आणि निऑनमुळे ती उष्णता प्रकाश होऊन चौफेर पसरते. खरी गंमत पुढे आहे, नुसत्या निऑनची कांडी नळीला इतकी घट्ट चिकटते की गॅसच्या दाबाने सहसा सुटत नाही, मागून पंचचा, म्हणजे दांड्याचा, ठोका द्यावा लागतो. आता तो पंच, झटकन उघडणारा व्हॉल्व्ह, उणे २६० अंशांच्या आसपास टिकणारी नळी, हे सगळं डिझाइन कोण करणार? तुमच्या लेकीसारखी पोरंच ना!

अमेरिकेत ओक रिज लॅबने हे तंत्र घडवलं, सॅन दिएगोच्या डीथ्री-डी या फ्युजन मशीनवर वापरून बघितलं. आपल्याकडे गांधीनगरची आयपीआर (इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च) आहे, तिथे आदित्य-यू टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणारं यंत्र, चालतो.

तिला सध्या हीट ट्रान्सफर आणि थर्मो मनापासून करायला सांगा, व्हॅक्यूमची ओळख करून घेऊ दे, थोडं पायथन. मग गेट देऊन क्रायोजेनिक्समध्ये, म्हणजे अतिथंड तापमानाच्या तंत्रात, एमटेक, आयआयटी खरगपूरला त्याचं वेगळं सेंटरच आहे.

नोकरीचं विचारलंत ना, तर फ्युजनमध्ये जागा कमीच असतात, हे आधीच धरून चाला. पण क्रायोजेनिक्स येत असेल तर रॉकेट इंजिन, एमआरआय, लिक्विड ऑक्सिजनचे प्लांट अशी बरीच दारं उघडी राहतात, त्यामुळे मला तरी यात मोठा धोका वाटत नाही. आयपीआरच्या उन्हाळी प्रोजेक्टची जाहिरात तिला वेबसाइटवर बघत राहायला सांगा, आणि तिसऱ्या वर्षी अर्ज करायलाच लावा.