पाळीच्या दुसऱ्या दिवशीच इंजेक्शनं का सुरू करतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की आज 14वा दिवस आहे, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) ठरलंय आणि डॉक्टर म्हणतात पुढची पाळी आली की दुसऱ्या दिवशी या, मग हे दोन आठवडे वाया का घालवायचे. मी डॉक्टर नाही, पण दोनदा यातून गेलेय आणि माझ्या मावसबहिणीचं तर 17व्या दिवशी सुरू केलं होतं, म्हणून सांगते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर पातळ असतं आणि फॉलिकल (अंडाशयातल्या पिशव्या, ज्यांत अंडी वाढतात) सगळी बारीक, साधारण एका मापाची, एखादं पुढे पळालेलं नसतं. एरवी दर महिन्याला एकच मोठं होतं, त्याच्यामुळे अंगातलं एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) उतरतं आणि बाकीची वाळून जातात. ती वाळायच्या आत बाहेरून एफएसएच दिलं की बरीचशी सोबत वाढतात. मला 10 दिवस लागले, सहाव्या दिवसापासून अंडी आधीच फुटू नयेत म्हणून वेगळं इंजेक्शन, मग फॉलिकल 18 मिलिमीटरच्या आसपास गेली तेव्हा ट्रिगर (अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) आणि 35-36 तासांनी अंडी काढली. ट्रिगरची वेळ मात्र घड्याळ लावून हं, रात्री साडेदहा म्हणजे साडेदहा, आमचे हे लग्नाच्या पंगतीतून उठून आले होते.

पण अंडाशयाला दुसराच दिवस लागतो असं नाही. पूर्वी मानायचे की महिन्यात फॉलिकलचा एकच लॉट निघतो, 2003 मध्ये कॅनडात बायकांची रोज सोनोग्राफी करून बघितली तर एका पाळीत दोन-तीन लाटा निघाल्या. बहिणीला स्तनाचा कॅन्सर, केमोची तारीख पडलेली, पाळीची वाट कोण बघणार, लगेच सुरू केलं, सोबत इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या. दोन दिवस जास्त लागले, इंजेक्शनंही जास्त, पण अंडी मिळाली आणि फ्रीज झाली.

अडतं ते अस्तरापाशी. मधूनच सुरू केलं तर अस्तर आणि गर्भ यांचा मेळ बसत नाही, म्हणून त्याच महिन्यात ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) करता येत नाही, सगळं फ्रीज करावं लागतं. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, फ्रेश ट्रान्सफर करणार की फ्रीज? फ्रीजच करायचं असेल तर आत्ता सुरू करायचं विचारून बघायला हरकत नाही, फक्त आधी प्रेग्नन्सी नाहीये ना हे तपासतील. मी असते तर थांबले असते, कॅन्सरसारखी घाई नसेल तर जास्तीच्या इंजेक्शनांचा खर्च कशाला.

आणि हो, पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. मी तपकिरी डागालाच पहिला दिवस धरून साताऱ्याहून एसटीने पुण्याला गेले नि हात हलवत परत आले. रात्री उशिरा सुरू झाली तर सकाळी आधी फोन करून विचारा, हा दिवस धरायचा का उद्याचा, प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो.