पाच दिवसांचा शेक पुरतो का?

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायका धुळ्यात माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हल्ली हमखास निघतो. शेजारणीला पंचवीस शेक (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार) दिले, मला पाचच का? पारोळा तालुक्यातल्या एका मावशींनी पोटातलं सरळ ओठावर आणलं, “योजनाना पेशंट म्हनीसन कमी देतस का वं ताई?” म्हणजे, सरकारी योजनेतली पेशंट म्हणून कमी देतात का?

त्यांचा मुलगा हिशेबी. फाइल उघडून म्हणाला, “पन्नास ग्रेचे सव्वीस झाले, मॅडम. निम्माच डोस की!”

ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. आकडे बरोबर होते, पण ते नुसते बेरजेने वाचायचे नसतात. जुन्या पद्धतीत रोज २ ग्रे, असे २५ दिवस, म्हणजे पाच आठवडे. आता रोज ५.२, पाच दिवस. एका वेळचा डोस अडीचपटीच्या वर गेला की पेशींना बसणारा दणका त्याहूनही जास्त वाढतो, म्हणून एकूण डोस उतरवावाच लागतो. पन्नासच्या पन्नास पाच दिवसांत दिले तर कातडीची दशा होईल.

या दोन्हींच्या मधला तीन आठवड्यांचाही एक कोर्स आहे. तो पाच आठवड्यांच्या तोडीचा आहे, हे आधीच ठरलं होतं. त्याच्याशी एका आठवड्याची तुलना ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत झाली. रुग्ण ४,०९६, निकाल २०२० चा. पाच वर्षांत त्याच बाजूला कॅन्सर उलटण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या कोर्समध्ये २.१ टक्के, एका आठवड्याच्या कोर्समध्ये १.४. मुलाचं समाधान झालं. मावशींना टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं. पैसेवालीलाही हाच कोर्स देतात का, एवढंच हवं होतं. देतात. आजार कुठवर गेलाय त्यावर ते ठरतं. काखेतही शेक लागणार असेल तर डॉक्टर अनेकदा तीन आठवडेच सांगतात.

खरा वेळ जातो तो शेकाच्या आधी. शेक कुठे द्यायचा ते आखायला काढतात तो प्लॅनिंगचा सीटी स्कॅन, योजनेची मंजुरी, राहून गेलेला एखादा रिपोर्ट. शेकासाठी एसटीने नाशिक गाठून ‘उद्या या’ ऐकायचं, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत! म्हणून कागद मी इथेच तपासते आणि सीटीच्या दिवशीच सोमवारची तारीख मागायला सांगते. शुक्रवारी मोकळं होता येतं, मध्ये रविवार येत नाही. शेकाची जागा दाखवणाऱ्या छातीवरच्या खुणा तेवढ्या पुसायच्या नाहीत.

मावशींच्या सुनेने हळूच विचारलं, तान्ह्याला यांच्याजवळ द्यायचं का? खुशाल द्या. बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. मात्र लाली आणि खाज शेक संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत वाढते, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. तेव्हा गावातल्या कुणाचा लेप लावू नका, आधी दवाखान्यात फोन करा, हे मी सुनेलाच बजावलं. मावशी स्वतःहून फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.