आवाजाचं काही नाही, आवाज थांबतो त्याचं काय?

"वडिलांचं घोरणं फार वाढलंय, आई वेगळी झोपायला लागलीय. या वयात दोघांचं काही बिनसलंय का?" मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि जळगाव-धुळ्याकडच्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी मुलगा विचारतो, कधी सून विचारते, आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: "तसं म्हातारपणी सगळेच घोरतात म्हणा." त्या शेवटच्या वाक्यासाठी हे लिहिते आहे. खालच्या जोडप्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि अनेक भेटींमधलं बोलणं थोडक्यात दिलं आहे.

अमळनेर भागातलं शेतकरी कुटुंब. आप्पा ६८ वर्षांचे, काकू पाच वर्षांनी लहान. काकूंनी अंथरूण ओट्यावर नेलं, त्यावरून घरात धुसफूस सुरू झाली. आप्पांच्या मनाला ते फार लागलं होतं. "चाळीस वर्षं हिला चाललं. आता घरात सुना आल्या तर माझा आवाज खुपायला लागला." मुलाला वाटत होतं, आईला समजवावं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसल्या होत्या.

मी काकूंना एकच विचारलं, "रात्री तुम्हाला नेमकी कशाने जाग येते?"

मुलगा म्हणाला, "कशाने म्हणजे? आवाजाने!" मी त्याला थांबवलं. काकू त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "आवाजनी माले सवय शे. आवाज बंद पडस, तवय जाग येस."

"मग काय करता?"

"खांद्याले हात लावस. हालवस. मंग एकदम मोठा श्वास घेतस, परत सुरू."

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "तू रातभर जागी असते?"

काकू रोज रात्री आप्पांच्या श्वासावर पहारा देत होत्या. दिवसा चुलीपाशी चक्कर यायला लागली तेव्हा एखादी तरी रात्र झोप मिळावी म्हणून त्या ओट्यावर गेल्या, आणि तिथूनही कान आतच लावून होत्या. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, कारण नवऱ्याचा श्वास बंद पडतो हे तोंडाने म्हणणंच त्यांना अभद्र वाटत होतं. आप्पांनी त्याचा अर्थ लावला होता, मी नकोसा झालो.

नात्याकडे बघताना मी एक गोष्ट पक्की धरून चालते: तक्रार करणाऱ्याला आधी साक्षीदार समजायचं. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. त्या खोलीत जागं असलेलं माणूस हाच एकमेव पुरावा, आणि आपण त्यालाच भांडखोर ठरवतो. "जाग कशाने येते?" हा प्रश्न मी अशा प्रत्येक जोडप्याला विचारते. त्यावर बायको "आवाज थांबल्याने" म्हणाली, की समुपदेशनाइतकीच डॉक्टरांची गरज आहे हे लगेच कळतं. त्या दिवशी आप्पांचा राग तिथल्या तिथे विरला. नवरा-बायकोत जे मोकळं व्हायचं होतं ते त्या चार वाक्यांत झालं, त्यासाठी आणखी काही करावं लागलं नाही. पुढचं सगळं काम व्यवहाराचं होतं, आणि ते मी सविस्तर सांगते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वय वाढतं तसे ते आणखी सैल होतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते, आणि जाणाऱ्या हवेने मऊ टाळू व पडजीभ थरथरते. तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली तर आवाज थांबतो, छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. असा खंड १० सेकंद किंवा जास्त असेल तर त्याला श्वासखंड धरतात. असे खंड रात्रभर वारंवार पडत असतील तर त्या आजाराला डॉक्टर स्लीप अॅप्निया म्हणतात. प्रत्येक खंडाच्या शेवटी मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. सकाळी त्याला काही आठवत नाही, पण झोप झालेली नसते.

म्हातारपणी याच्या खुणा भलत्याच नावाने फिरतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं प्रोस्टेटच्या खाती जातं. (श्वास अडताना हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी तयार करतं, हे घरात कुणाला माहीत नसतं.) पेपर वाचता वाचता डुलकी लागणं वयाच्या खाती, विसराळूपणा आणि चिडचिडही वयाच्याच. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. दोन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात नाही. आप्पांकडे यातलं जवळपास सगळं होतं, शिवाय ते शेतात मोटारसायकलवर जात. तपासणी होईपर्यंत गाडी मुलाने चालवायची, हे मी पहिल्याच भेटीत ठरवून घेतलं. त्यावर तडजोड नाही.

दोन आठवडे वही ठेवायला सांगितली. मुलगा लिहिणार, काकू सांगणार: जेवण किती वाजता, झोप किती वाजता, दारू किंवा झोपेची गोळी घेतली का, उताणे होते की कुशीवर, आवाज थांबला तर भिंतीवरच्या घड्याळाचे किती ठोके (सेकंद) गेले, किती वेळा उठले, दिवसा कुठे डुलकी लागली. यासाठी काकूंनी मुद्दाम जागायचं नाही, जाग आली तेवढंच सांगायचं. शिवाय एका रात्रीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग, तेही आप्पांना आधी विचारून. ते त्यांनी एकट्याने ऐकायचं. नातवंडांसमोर वाजवायचं नाही, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायचं नाही. हसू झालेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

त्याच दोन आठवड्यांत घरात बदल केले. आप्पा बाजेवर झोपत, आणि बाज मध्ये झोळी झालेली. झोळीत कुशीवर राहताच येत नाही, माणूस घरंगळून उताणा होतो आणि हनुवटी छातीला टेकते. अदवाण ताणली, तरी दोर ढिलेच, म्हणून शेवटी आप्पांना लाकडी पलंगावर आणलं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे दिले. दोन-तीन उशा रचल्या तर मान मोडते आणि वाट आणखी बंद होते. उंची पलंगाला द्यायची, उशी एकच. जुन्या बंडीला पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला, म्हणजे उताणं वळलं की टोचतो. पाठीच्या मणक्याचं दुखणं असेल तर चेंडूऐवजी पाठीशी लांब लोड लावावा.

आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप नाही, आणि हंगाम संपला की वाळ्याच्या जाळ्या तशाच कुजतात. त्या बदलल्या, टाकी घासली, झोत अंगावरून वळवला. नाक चोंदलं की तोंडाने श्वास आणि घोरणं जास्त. झोपण्याआधी कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवावं: उकळून गार केलेलं एक पेला पाणी, त्यात अर्धा लहान चमचा मीठ. कच्चं नळाचं किंवा बोअरचं पाणी नाकात घालायचं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या नाकात रोज तेल-तूपही सोडू नये. ते नकळत फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. तोंडाला पट्टी चिकटवण्याचे व्हिडिओ फिरतात, तेही करू नये.

रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. भरिताची पार्टी असो की शेवभाजी, दहा वाजता पोटभर जेवून साडेदहाला आडवं व्हायचं नाही. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून ती बंद. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. आप्पा औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली गोळी घेत होते. मात्र बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम तोडली तर त्रास होतो, ती डॉक्टरांनी हळूहळू कमी करायची असते. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. गळ्याचा घेर मोजून बघा. ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर शंका जास्त. पण घेर कमी म्हणून निर्धास्त राहू नका, म्हातारपणी सडपातळ माणसांचेही श्वास अडतात.

वही घेऊन ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तिथून छातीच्या डॉक्टरांकडे, आणि झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, एवढंच. ही तपासणी घरीही करता येते. तासाला किती वेळा श्वास अडतो ते त्यात कळतं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. आप्पांचा आकडा तीव्रमध्ये निघाला. उपाय सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे आणलं, आणि आजही तीव्र आजारात पहिला उपाय तोच.

मशीन घरी आलं की आठवडाभरात कपाटात जातं, हे मी खूप घरांत पाहते. म्हणून आप्पांची सवय दुपारपासून लावली. पहिले चार-पाच दिवस दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क, मग दुपारच्या झोपेत, मग रात्री. रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कच्या कडेने हवा सुटते. मिशी जाड असेल तरी सुटते. म्हणून मास्क घेताना कवळी काढून, आडवं होऊन बघावा. तोंड उघडं राहत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मागावा. हवा ओलसर करायला मशीनला पाण्याची डबी असते, तीत डिस्टिल्ड वॉटरच घालावं, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार तिथे बसतात. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी. वीज जाते तिथे इन्व्हर्टर लागतो. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी जास्त वेळ टिकते. रात्रीचे निदान चार तास मास्क राहावा, तो पूर्ण झोपभर नेणं हे लक्ष्य.

आप्पा चिडून मास्क काढून ठेवायचे त्या रात्रींसाठी काकूंना एक वाक्य दिलं होतं. "तुम्ही घोरता" म्हणायचं नाही, "माले भ्याव वाटस" म्हणायचं. आप्पा मास्क परत लावायचे. काकू पलंगाशेजारी परत आल्या, पण आपला वेगळा पलंग त्यांनी ठेवला आणि मी त्याला पाठिंबा दिला. वेगळं झोपणं दोघांनी बोलून ठरवलं असेल तर त्यात काहीच वाईट नाही.

काकूंची वयाची बाजूही मी डॉक्टरांना बघायला सांगितली. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, त्यांना मात्र "तुम्ही घोरता" असं कुणी सांगत नाही. थकवा, अपुरी झोप, मन उदास एवढंच त्या सांगतात आणि रक्ताच्या गोळ्या घेऊन घरी येतात. थायरॉइड मंद असेल तरी घोरणं वाढतं, ती तपासणी दोघांचीही करून घ्यावी.

आणि घरात कुणाचं गुडघ्याचं, हर्नियाचं, कसलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की यांचा झोपेत श्वास अडतो. मशीन असेल तर मास्कसकट दवाखान्यात सोबत न्या. भूल उतरताना आणि त्यानंतरच्या रात्री त्याची सगळ्यात जास्त गरज असते.