हॉपरचं पोट कशावर चालत होतं?

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. आम्ही म्हणतो अप्लाइड आर्ट (जाहिरात, डिझाइनची चित्रकला) घे, त्याला पेंटिंगच हवंय. काही बोललं की अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं नाव पुढे करतो. त्याला काय सांगू? – एक पालक

उत्तर : नमस्कार. चिरंजीवांनी नाव चांगलं निवडलंय, गोष्ट मात्र अर्धीच सांगितली.

हॉपर १८८२चा, हडसनकाठच्या नायॅक गावचा. वडिलांचं कापडाचं दुकान. चित्रकलेला घरातून विरोध नव्हता. 'चार पैसे मिळतील असं शीक' एवढंच म्हणणं, म्हणजे तुमचंच. म्हणून १८९९मध्ये शाळा संपल्यावर तो आधी न्यूयॉर्कला इलस्ट्रेशन, म्हणजे मासिकं-पुस्तकांसाठीची चित्रं काढायला शिकला. वर्षभराने न्यूयॉर्क स्कूल ऑफ आर्ट, तिथेही सुरुवात इलस्ट्रेशननेच. पेंटिंगकडे वळला तो नंतर, रॉबर्ट हेन्रीसारख्या शिक्षकांच्या हाताखाली. त्या शाळेत सहा वर्षं गेली.

पुढे जाहिराती आणि मासिकांची चित्रं काढून पोट भरलं. ते काम त्याला मनापासून नकोसं होतं, हेही मुलाला सांगा. १९१३मध्ये एक तैलचित्र २५० डॉलरला गेलं. पुढचं चित्र विकायला दहा वर्षं लागली.

मधल्या काळात, १९१५च्या सुमारास, त्याने एचिंग हाती घेतलं. मेणाचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा, मग त्या कोरायला ॲसिड, आणि स्वतःच्या प्रेसवर छपाई. कागद मिळेल तितका पांढरा, शाई मिळेल तितकी काळी. 'नाइट शॅडोज' (१९२१) मुलासोबत बघा : वरून दिसणारा निर्मनुष्य रस्ता, एकटा माणूस आणि रस्ताभर आडवी पडलेली खांबाची सावली. पुढच्या प्रसिद्ध चित्रांतला हॉपर मला इथेच सापडतो. १९२३मध्ये ब्रुकलिन म्युझियमने त्याचं एक जलरंग चित्र १०० डॉलरला घेतलं. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनातली सगळी चित्रं विकली गेली, तेव्हा कुठे बेचाळिसाव्या वर्षी त्याने इलस्ट्रेशन सोडलं.

माझं मत विचाराल तर पेंटिंग घेऊ द्या. पण पहिल्या वर्षापासून पुस्तकांची, मासिकांची लहानसहान कामं पैसे घेऊन करायची, हे आत्ताच ठरवून घ्या. कंटाळा येईल, येऊ दे. आणि प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी दोघांनी मिळून कॉलेजं बघून या. प्रिंटमेकिंगचा, म्हणजे एचिंगसारखी चित्रं छापायचा प्रेस चालू आहे का, की त्यावर धूळ बसलीय, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.