कार्टूनला अपरिचितीकरण लावलं तर?

प्रश्न : मी एम.ए. मराठी करतेय, आम्हाला रशियन रूपवाद (साहित्यात रचनेकडे, तंत्राकडे बघणारा समीक्षेचा विचार) आहे. त्यातल्या श्क्लोव्स्कीचं अपरिचितीकरण, म्हणजे ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवणं, वाचताना मला सारखी जुनी लूनी ट्यून्स कार्टून्स आठवतात. त्यावर प्रोजेक्ट केला तर चालेल का, की ओढूनताणून वाटेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बिनधास्त करा! फक्त ढीगभर कार्टून्स घेऊ नका, एकच घ्या आणि पुन्हापुन्हा थांबवून बघा. मी तर चक जोन्सचं १९५३ चं 'डक अमक' घेईन, सातेक मिनिटांचंच आहे.

श्क्लोव्स्कीचं १९१७ च्या लेखातलं म्हणणं तुम्हाला माहितीच आहे, की सवयीमुळे आपल्याला गोष्टी दिसेनाशा होतात आणि कला त्या पुन्हा दिसायला लावते. टॉलस्टॉयच्या गोष्टीत घोडा बोलायला लागतो आणि 'माझी जमीन, माझा घोडा' हे माणसांचं बोलणं एकदम विचित्र वाटायला लागतं, तसं. आता 'डक अमक'मधला डॅफी बदक बघा. तलवार घेऊन ऐटीत येतो, चालता चालता मागचं चित्रच संपतं, पांढराफटक पडदा. कार्टूनला बॅकग्राउंड कोणीतरी काढलेलं असतं हे आपण विसरलेलोच असतो! मग गिटार घेऊन येतो तर आवाजच नाही, बिचारा आवाज द्या अशी पाटी धरतो, आणि आवाज येतो तो मशीनगनचा. पुढे तर फिल्मची पट्टीच सरकते, फ्रेममधली रेघ मधोमध येते, वरच्या फ्रेममधला डॅफी आणि खालच्या फ्रेममधला डॅफी एकमेकांशी भांडायला लागतात. हा सीन नीट लिहा, कारण हलणारं चित्र म्हणजे सुटी सुटी चित्रं हे इथे कोणी समजावत नाही, आपल्याला थेट दिसतं. रूपवादी ज्याला तंत्र उघडं करणं म्हणतात ते हेच.

पण तिथेच थांबलात तर प्रोजेक्ट नुसता थिअरीचा दाखला होईल. श्क्लोव्स्कीच्या मते सर्व्हान्टिसच्या कादंबरीतलं डॉन किहोटे हे पात्र कादंबरीच्या रचनेतून घडत गेलं, म्हणजे आधी रचना, मग पात्र. इथे मला तरी उलटं दिसतं. जागा गेली, आवाज गेला, रंग गेला, शरीरसुद्धा खोडून झालं, तरी डॅफीचा तो आक्रस्ताळेपणा, मीच हिरो हा हट्ट कुठे जातो? पट्कन ओळखू येतो तो. मग पात्र नक्की कशात असतं, हा प्रश्न थिअरीलाच विचारा, खरा मुद्दा इथे आहे.

शेवटी हे सगळं करणारा बग्ज बनी हा ससा निघतो, पण पेन्सिल धरलेला तोही काढलेलंच चित्र आहे, हे सोडू नका. जागा उरली तर विन्सर मॅकेच्या १९१४ च्या 'गर्टी' या कार्टूनशी तुलना करा, तिथे चित्रकार स्वतः स्टेजवर उभा राहून पडद्यावरच्या डायनासोरला हुकूम सोडायचा.