सगळी मशीन चालू, तरी माल लेट का?

प्रश्न : नमस्कार सर, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. ११ मशीन, शाफ्ट आणि बुशचं काम, पार्ट ३०-३५ प्रकारचे. गेल्या वर्षी ट्रेनिंगला जाऊन आलो आणि कानबानची, म्हणजे कुठला माल किती बनवायचा ते सांगणारी, कार्डं छापून लावली. सुरुवातीला बरं वाटलं, पण आता शॉपवर पाय ठेवायला जागा नाही, जिथे बघावं तिथे क्रेट. सगळी मशीन चालू, ओव्हरटाइम चालू, गुरुवारच्या सुट्टीलाही पोरांना बोलावतो आणि तरी १० दिवसांचा शब्द दिलेला माल २०-२२ दिवसांनी जातो. सगळं ग्राइंडिंगला, म्हणजे घासून नेमकं माप आणायच्या कामाला, तुंबतं. लोन काढून दुसरा ग्राइंडर घ्यावा का?

उत्तर : लोनचं आधी थांबवा. उद्या पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वही घेऊन शॉपवर फिरा आणि किती लॉट (एकत्र चालवलेल्या पिसांचे गट) उघडे आहेत ते मोजा, म्हणजे कच्च्या मालाचा बार कापलाय पण डिस्पॅच झालेला नाही असे सगळे, हीट ट्रीटमेंटला चलानवर बाहेर गेलेले पण धरायचे, ते हमखास मोजायचे राहतात. मग गेल्या महिन्यात रोज सरासरी किती लॉट बाहेर पडले ते काढा. समजा आत ८८ आहेत आणि रोज ४ जातात, तर ८८ भागिले ४ म्हणजे २२ दिवस. तुमचा उशीर तिथेच आहे, क्रेटमध्ये! याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला, आणि रांग बँकेतली असो नाहीतर शॉपवरची, हिशोब तोच.

आता कार्डांचं. कानबान म्हणजे जपानीत पाटी. टोयोटात ताइची ओनो यांनी १९५० च्या दशकात ते मशीन शॉपमध्ये बसवलं, कल्पना सुपरमार्केटची, गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. पण त्यात प्रत्येक पार्टचा थोडा तयार माल प्रत्येक टप्प्यावर ठेवावा लागतो. रोज तोच पार्ट लागत असेल तर झकास, पण तुमच्याकडे ३५ पार्ट, त्यातले कितीतरी दोन महिन्यांतून एकदा लागणारे, त्या सगळ्यांचे क्रेट भरून ठेवले तर जागा उरणार कुठून? म्हणजे तुमचं काही चुकलं असं नाही, ती पद्धत तुमच्या कामाची नव्हती, एवढंच.

तुम्हाला जमेल ते कॉनविप, म्हणजे शॉपवरच्या अर्धवट कामाचा एकूण आकडा कायम ठेवायची पद्धत. स्पिअरमन, वुडरफ आणि हॉप यांनी १९९० मध्ये हे मांडलं. यात कार्ड पार्टचं नसतं, अख्ख्या लाइनचं असतं. समजा आत्ताच्या लॉटइतकी ८८ कार्डं केली, तर एक लॉट डिस्पॅच झाला की त्याचं कार्ड सुटतं आणि ते हातात आल्याशिवाय पुढचा बार कापायचा नाही, मग कस्टमरचा कितीही फोन येवो. कुठला लॉट आधी ते ड्यू डेटवरून ठरवा, पण एकूण आकडा वाढवायचा नाही.

पुण्यात गणपती विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर उभे राहिला असाल तर हे तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीच्या बेलबाग चौकातून आणखी चार मंडळं आत सोडली म्हणून शेवटच्या अलका चौकातून लवकर बाहेर पडतात का? मागची नुसती उभी राहतात. तुमचा अलका चौक म्हणजे तो ग्राइंडर. लेथवाल्याने दुपारी कितीही पीस काढले तरी ते ग्राइंडरपुढेच जाऊन बसणार, म्हणून लेथ तासभर बंद दिसला तर जीव खाली-वर करू नका. ग्राइंडर मात्र जेवणाच्या सुट्टीतही थांबू देऊ नका, तिथे रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, ठेवा, त्याच्यापुढे दीड-दोन दिवसांचं काम कायम असू द्या आणि लेथवरच्या रफ टर्निंगमध्ये स्टॉक, म्हणजे मापापेक्षा जादा जाडी, जास्त सोडत असाल तर तो कमी करा, कारण ते जादाचं मटेरियल ग्राइंडरलाच खावं लागतं. एवढं करून दोन महिन्यांनी लोनचा विचार करा.

८८ वरून एकदम ४० वर उडी नको. आठवड्याला ५ कार्डं काढत जा आणि ग्राइंडर कामावाचून थांबायला लागला की दोन-तीन परत घाला. तोच तुमचा आकडा.

मी स्वतः चिंचवडला एका कारखान्यात प्लॅनिंग बघायचो तेव्हा रॅकखाली एक क्रेट सापडला होता, रूट कार्ड (कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं त्याचा कागद) तेलाने इतकं भिजलेलं की ऑपरेशन नंबर वाचता येईना आणि खालच्या थरातले शाफ्ट गंजलेले. कस्टमर तेच शाफ्ट रोज फोन करून मागत होता आणि आम्ही त्याच्यासाठी नवीन लॉट चालू केलेला! ते मला अजून लागून आहे.

प्रश्न : चाकणला प्लॅनिंगमध्ये आहे. आमच्याकडे एमआरपी (कुठलं मटेरियल कधी लागेल याचा हिशोब करणारी कॉम्प्युटर सिस्टिम) आहे, मग कार्डं कशाला?

उत्तर : एमआरपी ठेवा, बार आणि इन्सर्ट (कापायच्या टूलची बदलायची टोकं) कधी मागवायचे हे तिच्याइतकं चांगलं कोणी सांगत नाही. पण ती लीड टाइम, म्हणजे माल तयार व्हायला लागणारे दिवस, ठरलेला धरते आणि मशीनवर आज किती काम तुंबलंय हे साधी एमआरपी बघत नाही. उशीर झाला की लोक सिस्टिममध्ये लीड टाइम वाढवतात, मग ऑर्डर आणखी आधी सुटतात, गर्दी वाढते आणि उशीरही वाढतो. म्हणून खरेदी एमआरपीवर करा आणि शॉपवर माल सोडायचा तो कार्ड सुटल्यावरच.